वाळवंटातली एक संध्याकाळ: जैसलमेरला पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्या खान्देशी मंडळींसाठी

यंदा दिवाळी झाल्यापासून आमच्या अमळनेरच्या गल्लीतल्या तीन घरांनी मला एकच विचारलं, ताई तुम्ही जैसलमेरला दोनदा जाऊन आल्या ना, ते उंटावर बसून वाळूत जायचं अन् रात्री उघड्यावर जेवायचं, ते नेमकं करायचं कसं? तिघींना फोनवर सांगितलं पण दर वेळी काहीतरी राहूनच गेलं, म्हणून आता एकदाच सगळं ओळीने लिहून काढते. पहिल्या वेळी आमचं बरंच चुकलं, दुसऱ्या वेळी छान जमलं, पैसे दोन्ही वेळेला जवळपास सारखेच लागले, फरक पडला तो वेळेचा. चार वाजेच्या आत वाळूजवळ पोचणं, हे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

आधी महिना आणि तिथी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने चांगले. मार्चमध्ये जाता येतं पण दुपार तापायला लागलेली असते. आपण जळगाव-भुसावळकडची माणसं, ४५ डिग्री आपल्याला नवीन नाही, म्हणून पुष्कळ जण म्हणतात मे महिन्यात पोरांना सुट्टी असते तेव्हाच जाऊन येऊ. नका जाऊ. आपल्याकडे उन्हात निदान निंबाची सावली असते, केळीच्या बागेत शिरलं की गारवा लागतो, तिकडं वाळूच्या टेकडीवर डोक्यावर काहीच नसतं आणि वाळू खालून भाजते ती वेगळीच.

महिना ठरला की कॅलेंडरवर तिथी बघा, हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते. अमावस्येच्या आगेमागे गेलात तर आभाळभर चांदण्या दिसतात, आपल्या गच्चीवरून कधी दिसणार नाहीत एवढ्या. पौर्णिमेच्या आगेमागे गेलात तर चांदण्या कमी पण सगळी वाळू दुधासारखी दिसते आणि टॉर्च न लावता चालता येतं. लहान पोरं सोबत असतील तर मी पौर्णिमेच्या बाजूचे दिवस घ्या म्हणेन. माघ पौर्णिमेला तिकडं मरु महोत्सव असतो, उंटांच्या शर्यती वगैरे बघायला मिळतात पण गर्दी भरपूर आणि खोल्यांचे भावही वर गेलेले. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा शक्य असेल तर टाळाच, सगळा गुजरात, सगळी दिल्ली तिथंच उतरलेली असते.

जायचं कसं हे थोडक्यात. आपल्याला तापी लाईनवरून सुरत सोपं पडतं, अमळनेर, नंदुरबार करत सुरत, तिथून जोधपूरची गाडी पकडायची, जोधपूरहून जैसलमेर साधारण २८० किमी, ट्रेन असो की गाडी पाच-सहा तास धरून चाला. पोचलात त्याच दिवशी संध्याकाळी वाळूत जाऊ नका. एवढ्या प्रवासाने अंग मोडलेलं असतं आणि उंटावर तेच अंग परत हलणार. पहिल्या दिवशी आराम करा, किल्ला बघा, ११५६ साली रावळ जैसलने बांधायला घेतलेला किल्ला आहे आणि आतमध्ये अजून लोकं राहतात, दुकानं आहेत, घरांसमोर कपडे वाळत घातलेले असतात. वाळूचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी.

सम की खुरी

दोन जागा आहेत. समचे धोरे शहरापासून साधारण ४० किमी, खुरी त्याहून थोडं लांब, दुसऱ्या दिशेला. धोरे म्हणजे वाळूच्या टेकड्या, तिकडं हाच शब्द वापरतात, तुम्हीही वापरा, समोरच्याला बरं वाटतं. सममध्ये टेकड्या मोठ्या, सोयी जास्त, कॅम्प रस्त्याच्या कडेने एकाला एक लागून, आणि त्यामुळे आवाजही जास्त, एका कॅम्पचं गाणं दुसऱ्यात ऐकू येतं. खुरी शांत आहे, गाव आहे, मातीची घरं आहेत, सोयी साध्या. म्हातारी माणसं आणि लहान पोरं असतील तर पहिल्यांदा सम बरं. चार मैत्रिणी किंवा नवरा-बायको जात असाल तर खुरीला जा, मला स्वतःला खुरीच जास्त आवडलं.

बुकिंग करताना काय विचारायचं

पहिल्या वेळी आम्ही स्टेशनवर जो गाडीवाला भेटला त्याच्यावर सगळं सोपवलं, त्याने आधी दोन दुकानं दाखवली, मग तिसरं, मग चहा, आणि वाळूजवळ पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते, सूर्य गेलेला. पोरांना अंधारात दहा मिनिटं उंटावर फिरवून आणलं आणि झालं. सासूबाई तेवढ्यासाठी घरून निघाल्या होत्या, मला आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून बुक करताना फोनवर स्पष्ट विचारा, शक्य असेल तर मेसेजवर लिहून घ्या.

उंटाची सवारी पॅकेजमध्ये आहे की वेगळे पैसे? किती वेळाची? बरेच ठिकाणी सवारी म्हणजे एका टेकडीपर्यंत जाऊन यायचं, पंधरा-वीस मिनिटांत संपतं, निदान पाऊण तास सांगून घ्या. एका उंटावर किती जण? दोनच, तिसऱ्याला बसवायचं नाही. कॅम्पपासून धोरे किती लांब, कारण काही कॅम्प नुसत्या माळरानावर असतात आणि वाळूपर्यंत परत जीपनेच जावं लागतं. जेवण शाकाहारी वेगळं शिजतं का, माळकरी माणूस सोबत असेल तर हे आधीच विचारलेलं बरं. टॉयलेट तंबूला लागून आहे का, गरम पाणी आहे का, शेकोटीचे पैसे वेगळे का. हे विचारायला संकोच वाटू देऊ नका, समोरचा नीट उत्तर देत नसेल तर दुसरा बघा, तिथं कॅम्पची कमी नाही.

जीप सफारी पण सोबत विकतात. उघडी जीप वाळूच्या टेकड्यांवरून जोरात चढवतात-उतरवतात. ज्यांना मणक्याचा त्रास आहे, हार्टचा प्रॉब्लेम आहे, ज्या बाया गरोदर आहेत त्यांनी अजिबात बसू नये. तरुण पोरांना आवडते, बसू द्या, पण धरायला दांडा आहे का बघा आणि ड्रायव्हरला आधीच सांगा की भाऊ सावकाश. माझं मत विचाराल तर उंट आणि जीप एकाच संध्याकाळी करू नका. जीपच्या नादात सूर्य बुडायची वेळ निघून जाते.

अंगावर काय, पिशवीत काय

बायांनी साडी नेसून उंटावर बसायचं म्हटलं तर फार अवघडल्यासारखं होतं, पाय दोन्ही बाजूला टाकून बसावं लागतं. सलवार, लेगिंग, सैल पॅन्ट काहीही चालेल, जाड कापडाची असली तर मांड्या घासत नाहीत. सासूबाई साडी सोडणार नाहीत हे मला माहीतच होतं, उंट बघून त्या आधीच म्हणून मोकळ्या झाल्या, "मी नही बसस त्यानावर." त्यांच्यासारख्यांसाठी उंटगाडी असते, गाडीवर गादी टाकलेली, चार-पाच जण आरामात बसतात. दुसऱ्या वेळी त्या उंटगाडीतच बसल्या आणि आमच्याआधी टेकडीवर पोचल्या.

डोक्याला मोठा रुमाल किंवा स्कार्फ हवाच, वारा सुटला की वाळू कानात, दातात सगळीकडे जाते. स्वेटर, कानटोपी, पायमोजे हे सकाळीच पिशवीत भरा, दुपारच्या उन्हात वाटतं कशाला ओझं न्यायचं आणि रात्री नऊला पोरं कुडकुडायला लागतात. त्याचं कारण साधं आहे, वाळू जशी लवकर तापते तशी लवकर निवते, हवेत ओलावा नाही, वर ढग नाही, दिवसाची ऊब धरून ठेवायला काहीच नसतं, डिसेंबर-जानेवारीत पारा ७-८ डिग्रीपर्यंत उतरतो. आपल्याकडच्या धुळ्याच्या थंडीची ज्यांना सवय आहे त्यांनाही ती थंडी लागते कारण आजूबाजूला भिंत नाही, झाड नाही.

बाकी टॉर्च, प्रत्येकी एक लिटर पाणी, मोबाईल ठेवायला चेन असलेला खिसा किंवा छोटी कमरेची पिशवी, आणि खायला काहीतरी. कॅम्पवर जेवण साडेआठ-नऊशिवाय मिळत नाही आणि पोरांना सहालाच भूक लागते. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, दोन दिवस आरामात टिकतात. ड्रोन मात्र घरीच ठेवा, सीमेचा जिल्हा आहे, उगाच चौकशी मागे लागते.

निघायची वेळ

शहरातून दुपारी दोनला निघा. समच्या वाटेत कुलधरा लागतं, शहरापासून १८-२० किमीवर, पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव, दगडी भिंती उभ्या आहेत पण छपरं नाहीत. अर्धा तास द्या, जास्त नको. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगाला पवनचक्क्याच पवनचक्क्या दिसतात, आमच्या गाडीतली पोरं एकदम ओरडली, अरे हे तर साक्रीसारखं! खरंच ब्राह्मणवेलच्या पठाराची आठवण येते. हा सगळा भाग माळढोक पक्ष्याचा आहे, तिकडं त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी, आता अगदी थोडे उरलेत. तेव्हा खिडकीतून वेफरची पाकिटं, बाटल्या फेकू नका, पोरांनाही सांगून ठेवा.

चार वाजेपर्यंत कॅम्पवर. चहा घ्या, सामान टाका, बाथरूमला जाऊन या, हे महत्त्वाचं, वाळूत काही सोय नाही. साडेचारला उंटावर. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या जरा आधी बुडतो, फेब्रुवारीत साडेसहाच्या पुढे जातो, त्या हिशोबाने अर्धा तास इकडेतिकडे करा.

उंटावर बसणं

उंट आपण पाहिलेला असतो. दिवाळीनंतर रबारी लोकांचे कळप आपल्याकडे येतात, शेतात मेंढ्या बसवतात, त्यांच्या उंटावर बाजा उलट्या बांधलेल्या आणि वर कोंबड्या, कोकरं. पण रस्त्यावरून बघणं वेगळं आणि वर बसणं वेगळं, पहिल्यांदा छातीत धस्स होतं, ते सगळ्यांनाच होतं.

उंट बसलेला असतानाच चढायचं. मागून जवळ जाऊ नका, लाथ मारू शकतो, बाजूने जा आणि उंटवाला सांगेल त्याच बाजूने चढा. बसायच्या आधी एक मिनिट उंटाकडे नीट बघा. नाकात लाकडी खुंटी असते, तिला दोरी बांधलेली, तिथं जखम, रक्त, माश्या दिसल्या तर त्या उंटावर बसू नका, पाठीवर खोगिराखाली सोललेलं दिसलं तरी बसू नका. भांडायची गरज नाही, दुसरा उंट द्या म्हणायचं. आपण बसलो नाही तरच त्या जनावराला आराम मिळतो.

आता मेन गोष्ट. उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो. म्हणजे तुम्ही एकदम पुढे फेकले जाता, तोंडावर पडतो की काय असं वाटतं. तेव्हा अंग मागे झुकवायचं आणि खोगिराचा पुढचा लाकडी खुंट दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. लगेच पुढचे पाय उठतात आणि तुम्ही मागे जाता, तेव्हा थोडं पुढे वाकायचं. दोन सेकंदांत होतं हे सगळं. उतरताना उंट आधी पुढचे गुडघे टेकतो, म्हणून परत मागे झुकायचं. पोरांना घरीच खुर्चीवर बसवून एकदा प्रॅक्टिस करून घ्या, मी हसत नाही, खरंच घ्या, माझी पुतणी नऊ वर्षांची आहे, तिला आधी समजावून ठेवलं होतं म्हणून ती अजिबात घाबरली नाही. माझ्या मिस्टरांचा मोबाईल मात्र शर्टाच्या वरच्या खिशात होता, उंट खाली बसला आणि फोन सरळ वाळूत, स्पीकरच्या जाळीत बारीक कण गेले ते शेवटपर्यंत निघाले नाहीत. म्हणून ती चेनची पिशवी.

दोघं बसत असाल तर हलकं माणूस पुढे, मोठं मागे. रिकीब असेल तर पाय त्यात घाला, नसेल तर पाय सैल सोडा. उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे, त्यामुळे अंग डावी-उजवीकडे झुलतं. ताठ बसलात तर कंबर धरते. बैलगाडीत बसल्यावर जसं अंग सोडून देतो तसं सोडायचं, पाच मिनिटांत लय लागते. पळवायचा आग्रह करू नका, सेल्फीसाठी हात सोडू नका.

आमचा उंटवाला पंचविशीतला पोरगा होता, दोरी हातात धरून पुढे अनवाणी चालत होता. थांबल्यावर त्याने 'झै झै' म्हणत उंटाला बसवलं आणि माझ्या पुतणीला जवळ बोलावून उंटाची पापणी दाखवली. पापण्यांच्या केसांच्या दोन रांगा असतात, लांब, दाट, आणि त्यात वाळूचे कण अडकलेले, डोळ्यात एकही नाही. नाकपुड्यासुद्धा तो बंद करू शकतो. पायाचा तळवा रुंद गादीसारखा, वाळूत रुततच नाही, आपण घोट्यापर्यंत जात होतो. तिने विचारलं कुबडात पाणी असतं ना, तर तो म्हणाला नाही, चरबी असते, उपाशी राहिला की कुबड लोळतं.

त्याच्या आजोबांकडे पुष्कळ उंट होते, आता घरात दोनच. ट्रॅक्टर आले, गाड्या आल्या, उंटाचं काम गेलं. राजस्थानने २०१४ ला उंटाला राज्यपशू केलं, तरी २०१९ च्या पशुगणनेत सगळ्या देशात मिळून साधारण अडीच लाखच उंट भरले, २०१२ पेक्षा ३७ टक्के कमी. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, घासाघीस करायची ती कॅम्पवाल्याशी करा, उंटवाल्याशी नको. कॅम्पकडून त्याच्या हातात किती पडतं हे आपल्याला दिसत नाही, तेव्हा उतरल्यावर त्याच्या हातात वेगळे काही पैसे ठेवा.

सूर्य बुडताना आणि नंतर

टेकडीच्या माथ्यावर सगळे एकाच जागी गर्दी करतात. तिथं थांबू नका, दोन टेकड्या पुढे चाला, चपला हातात घ्या. धोऱ्याची वाळू आपल्या तापीच्या रेतीसारखी खरखरीत नसते, बारीक, पिठासारखी, वरून कोमट आणि बोटं खाली खुपसली की गार. वाऱ्याने तिच्यावर लाटा उमटलेल्या असतात, बारकाईने बघितलं तर त्या लाटांवरून एखादा काळा किडा टिकल्या-टिकल्यांची रेघ काढत चाललेला दिसतो.

सूर्य गेला की नव्वद टक्के लोकं उठून निघतात. तुम्ही बसून राहा, निदान वीस मिनिटं. खरा रंग नंतर येतो, आधी केशरी, मग जांभळट, वाळू निळसर पडते आणि वारा एकदम थांबतो. आमच्यात नऊ जण होतो आणि बडबड्या घराणं आमचं, तरी तेवढा वेळ कोणीच बोललं नाही. सासूबाईंनी तिकडं हात जोडले होते. मग मात्र अंधार फार लवकर पडतो, टॉर्च लावा आणि उंटवाल्याच्या मागे मागेच चाला, टेकड्या सगळ्या सारख्या दिसतात, वाट चुकते.

गाणं आणि जेवण

कॅम्पवर मधोमध शेकोटी, भोवती गाद्या-लोड. मांगणियार कलाकार गातात, ढोलक, हार्मोनियम, हातात खडताल, म्हणजे लाकडाच्या चार पट्ट्या, त्या अशा काही वाजवतात की बोटं दिसत नाहीत. नशीब असेल तर कमायचा ऐकायला मिळतो, गोल पोटाचं, गजाने वाजवायचं वाद्य. याच वाद्याचे साकर खान, जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे, त्यांना २०१२ ला पद्मश्री मिळाली होती. कालबेलिया नाच असतो, काळा घेरदार घागरा, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला नाच. बऱ्याच कॅम्पवर तासाभराने डीजे लावतात. तुम्हाला नको असेल तर आधीच चार कुटुंबं मिळून मॅनेजरला सांगा, आम्ही सांगितलं, त्याने ऐकलं, आणि कलाकार अर्धा तास जास्त गायले.

जेवणात डाळ-बाटी-चुरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, कढी, बाजरीची भाकर, लसणाची चटणी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो तीच. हे कळल्यावर सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली.

बाटी बघून आपल्या माणसाला लगेच वरण-बट्टी आठवते. पण फरक आहे. आपण गहू जाडसर दळतो, त्यात थोडी मका, ओवा, हळद, तेलाचं मोहन, गोळे उकडून घेतो, काप करतो आणि तळतो, शेतात पार्टी असली तर गोवऱ्यांवर भाजतो, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. त्यांची बाटी न उकडता सरळ निखाऱ्यावर भाजतात, मग फोडून तुपात बुडवतात, डाळ पाच प्रकारच्या डाळींची. सासूबाई सरळ स्वयंपाकाच्या तंबूत गेल्या, तिथला म्हातारा बाटी राखेतून काढून कापडात घोळवून झटकत होता, याही बाजूला बसल्या, एक बाटी हातात घेऊन बोटाने ठोकून बघितली, आवाज ऐकला आणि मान डोलावली. दोघांना एकमेकांची भाषा निम्मी कळत होती पण पीठ किती जाड हवं यावर पंधरा मिनिटं बोलणं चाललं.

नवीन माणसासाठी दोन गोष्टी. बाटी गरम असतानाच खा, गार झाली की दगड होते. आणि भूक लागली म्हणून सुरुवातीला भज्या-पापडावर ताव मारू नका, दोन बाट्यांत पोट भरतं आणि चुरमा राहून जातो. थंडीत पाणी कमी प्यायलं जातं, आठवणीने प्या, तिकडची हवा फार कोरडी आहे, सकाळी ओठ फुटलेले असतात.

राहायचं की परतायचं

परत शहरात जायचं असेल तर नऊला निघा आणि ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांगा, रात्री रस्त्यावर गाई, उंट मोकळे बसलेले असतात आणि दिवे नसतात. पण माझं ऐकाल तर एक रात्र राहाच. शेकोटी विझल्यावर, सगळे झोपायला गेल्यावर, घोंगडी अंगावर घेऊन दहा मिनिटं बाहेर बसा. सकाळी साडेसहाला उठून परत टेकडीवर जा, रात्रीच्या वाऱ्याने सगळे पायठसे पुसलेले असतात, उंटांचेही.

रात्री बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नका, वाळवंटात फुरसं आणि विंचू असतात, थंडीत कमी निघतात तरी. निघताना आपला कचरा आपल्याच पिशवीत भरून शहरात आणा. आणि घरी आल्यावर ते कपडे सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, आधी गच्चीवर नेऊन खिसे, शिवणी, पॅन्टच्या घड्या उलट्या करून झटका, आमच्या एका जीन्सच्या घडीतून महिन्यानेसुद्धा मूठभर वाळू निघाली, ती पुतणीने काचेच्या बाटलीत भरून ठेवली आहे.